मेजर नंतर ठरवू म्हणणाऱ्यांसाठी

मार्चअखेरीस अमेरिकेतल्या विद्यापीठांचे निकाल लागतात. पुण्या-मुंबईतल्या आणि न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत पत्राचं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं जातं, पेढे येतात, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनांची रीघ लागते. त्याच पत्रात खाली एक ओळ असते. मेजर : अनडिक्लेर्ड. कुठे तिला ‘एक्स्प्लोरेटरी’ म्हणतात, कुठे ‘प्री-सायन्स’, कुठे ‘जनरल स्टडीज’. ‘एकदा आत शिरू दे, मग बघून घेईल’ असं म्हणून घरचे ती ओळ ओलांडून पुढे जातात. मुलाला किंवा मुलीला कॉम्प्युटर सायन्स, बिझनेस, नर्सिंग किंवा इंजिनिअरिंगची मागणीतली शाखा हवी असेल, तर अख्ख्या पत्रात सर्वांत नीट वाचायची ओळ तीच असते.

आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये कॉलेज आणि ब्रँच एकाच वेळी हातात पडतात. जागा मिळाली म्हणजे ब्रँचही मिळाली. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठानं घेतलं म्हणून विभाग घेईलच असं नाही. मेजर न ठरवता जाणं म्हणजे गर्दीच्या एसटीत उभ्यानं चढणं. काही गाड्यांत पुढच्या थांब्यावर हमखास जागा होते, काहींत शेवटपर्यंत दांडी धरून जावं लागतं. कोणती गाडी कुठली, हे चढण्याआधी विचारता येतं आणि विचारायलाच हवं.

खरंच काही ठरलेलं नाही, मानसशास्त्र की इतिहास की जीवशास्त्र अशा विचारात आहात, तर अनडिक्लेर्ड जाणं उत्तम. ती सोय त्यासाठीच आहे आणि तिचा मोकळा उपयोग करावा. हा लेख मनात गर्दीचं मेजर धरून, पण ते हातात नसताना निघालेल्यांसाठी आहे.

सगळी विद्यापीठं सारखी नाहीत

एमआयटीत पहिल्या वर्षी कुणाचंच मेजर ठरलेलं नसतं. वर्षाच्या शेवटी विद्यार्थी आपल्याला हवं ते निवडतो आणि कॉम्प्युटर सायन्स हवं म्हणून वेगळी स्पर्धा करावी लागत नाही. स्टॅनफर्डमध्येही दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत मेजर जाहीर करायचं असतं आणि विभागाचं दार उघडं असतं. अशा ठिकाणी चढाओढ प्रवेशाच्या वेळीच संपते. तिथे निघालेल्या मुलांना या लेखाची फारशी गरज नाही.

प्रश्न येतो तो मोठ्या सरकारी विद्यापीठांत, आणि आपली बहुतांश मुलं जातात ती तिथेच. विद्यापीठ मोठं, विभाग नावाजलेला, पण प्राध्यापक, प्रयोगशाळा आणि वर्गातल्या खुर्च्या मोजक्या. म्हणून विभाग आतल्या आत दुसरी चाळणी लावतो. सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये अशा मेजरना ‘कपॅसिटी कन्स्ट्रेन्ड’ म्हणतात, मेरिलँडमध्ये ‘लिमिटेड एन्रोलमेंट प्रोग्रॅम’, बर्कलीत ‘हाय डिमांड’. नावं निरनिराळी असली तरी अर्थ एकच : पुन्हा अर्ज, पुन्हा निकाल.

या चाळणीचेही प्रकार आहेत. पर्ड्यूमध्ये इंजिनिअरिंगला आलेल्या सगळ्यांचं पहिलं वर्ष सामाईक असतं आणि त्यानंतर पसंतीक्रम व गुणांवरून शाखा मिळते. टेक्सस ए अँड एममध्येही अनेक वर्षं अशीच पद्धत चालत आली. पहिल्या वर्षाचा जीपीए ठरावीक रेषेच्या वर असेल तर पहिली पसंती हमखास. ही रेषा आधी ३.५ होती, पुढे ती ३.७५ झाली. वॉशिंग्टनमध्ये ‘इंजिनिअरिंग अनडिक्लेर्ड’ म्हणून घेतलेल्या विद्यार्थ्याला इंजिनिअरिंगच्या कोणत्या ना कोणत्या शाखेत जागा मिळण्याची हमी असते, पण ती शाखा पहिल्या पसंतीचीच असेल याची हमी नसते. या दोन गोष्टींमधला फरक लक्षात न घेतल्यानं बरीच निराशा पदरी पडते.

काही ठिकाणी तर दार जवळजवळ बंदच असतं. इलिनॉयच्या अर्बाना-शँपेन विद्यापीठात इंजिनिअरिंग अनडिक्लेर्ड विद्यार्थ्याला इतर बहुतेक शाखा खुल्या असतात, कॉम्प्युटर सायन्स मात्र त्यांत नसतं. वॉशिंग्टनच्या कॉम्प्युटर सायन्स विभागात, म्हणजे ॲलन स्कूलमध्येही, बहुतेक जागा शाळेतून थेट त्या मेजरसाठी निवडलेल्या मुलांना जातात. अशा ठिकाणी ‘मी आत गेल्यावर इतके चांगले गुण मिळवीन की त्यांना घ्यावंच लागेल’ हा विचार शूर असला तरी व्यवहाराचा नाही. गुण मिळवूनही जागा नसते, कारण जागा आधीच वाटून झालेल्या असतात.

आणखी एक सावधगिरी. तीन-चार वर्षांपूर्वी गेलेल्या दादा-ताईंचा सल्ला प्रेमानं ऐका, पण नियम त्यांच्याकडून घेऊ नका. बर्कलीत कित्येक वर्षं तीन ठरावीक विषयांत मिळून ३.३ जीपीए आणला की ‘लेटर्स अँड सायन्स’ या तिथल्या कॉलेजच्या विद्यार्थ्याला कॉम्प्युटर सायन्स जाहीर करता यायचं. २०२३ च्या तुकडीपासून हे बंद झालं. आता थेट त्या मेजरसाठी निवड व्हावी लागते, नाहीतर मोजक्या जागांसाठी सर्वांगीण छाननीतून जावं लागतं. सॅन डिएगोच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात मागणीतल्या मेजरसाठी अलीकडे गुणांकन आलं आहे. त्यात ठरावीक विषयांतला ३.० जीपीए ही एक बाब. बाकीच्या बाबी अशा : विद्यार्थी कॅलिफोर्नियाचा रहिवासी आहे का, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीची पेल ग्रँट त्याला मिळते का आणि घरात कॉलेजला जाणारी त्याची पहिलीच पिढी आहे का. सरकारी विद्यापीठानं राज्यातल्या गरजूंना प्राधान्य द्यावं यात गैर काहीच नाही. पण इंजिनिअर आई-बाबांच्या पुण्यातल्या मुलीनं तिथे अनडिक्लेर्ड जाताना हे गणित मांडून पाहायला हवं : तिच्या हातात यांतली एकच बाब आहे.

१ मेच्या आत विचारायचे प्रश्न

बहुतेक विद्यापीठांना १ मेपर्यंत होकार आणि डिपॉझिट द्यावं लागतं. पत्र आल्यापासून त्या तारखेपर्यंतचे काही आठवडे होस्टेलच्या खोल्यांचे फोटो बघण्यात घालवू नका. विभागाच्या अंडरग्रॅज्युएट ॲडव्हायजरला ई-मेल करा. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला विचारलंत तर गोड उत्तर मिळेल, खरं उत्तर विभागाकडे असतं. माझ्यासारखा अनडिक्लेर्ड विद्यार्थी या मेजरसाठी अर्ज करू शकतो का? गेल्या वर्षी आतून किती अर्ज आले आणि किती जणांना घेतलं? किमान जीपीए किती, आणि प्रत्यक्षात घेतलेल्यांचा किती? अर्ज किती वेळा करता येतो? पहिल्या सत्रात या मेजरचे पायाभूत विषय मला मिळतील, की ते फक्त मेजरवाल्यांसाठी राखून ठेवले आहेत?

यातला शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही आणि घोटाळा तिथेच होतो. अर्जासाठी प्रोग्रॅमिंगचे दोन विषय हवेत, आणि त्या विषयांच्या जागा मेजरच्या विद्यार्थ्यांनी भरून झाल्यावर उरलेल्या तुम्हाला. मग पहिला विषय वसंत सत्रात मिळतो, दुसरा पुढच्या वर्षी, आणि तोवर अर्जाची मुदत उलटलेली असते.

किमान आणि प्रत्यक्ष यांतला फरकही नीट समजून घ्या. ‘किमान ३.०’ याचा अर्थ त्याखालचा अर्ज वाचलाच जाणार नाही, इतकाच. ३.० वर जागा मिळते असा नाही. ॲडव्हायजर बहुधा आकडा सांगायला टाळतात. ‘कॉम्पिटिटिव्ह’ म्हणून मोकळे होतात. तेव्हा पुन्हा, नम्रपणे, विचारा की गेल्या वर्षी घेतलेल्यांचा साधारण जीपीए काय होता.

उत्तरं आली की घरी एकच प्रश्न सोडवायचा : हे मेजर मिळालंच नाही, तर या विद्यापीठात चार वर्षं दुसरं काही शिकायला आपण राजी आहोत का? उत्तर ‘हो’ असेल तर निर्धास्त जा. ‘नाही’ असेल आणि क्रमवारीत दहा-वीस पायऱ्या खाली असलेल्या विद्यापीठानं तेच मेजर थेट दिलं असेल, तर मी दुसऱ्याकडे जायला सांगेन. क्रमवारीच्या मोहापायी कॉम्प्युटर सायन्सची खात्रीची जागा सोडून मोठ्या नावाखाली अनडिक्लेर्ड गेलेली मुलं दुसऱ्या वर्षी कुठे उभी असतात, हे पाहिलेल्याला हा सल्ला भित्रेपणाचा वाटणार नाही.

पहिलं सत्र

मुलं म्हणतात, पहिलं सत्र रुळण्यात जाणार, मग जोर लावू. अनडिक्लेर्ड विद्यार्थ्याला ही चैन परवडत नाही. का, ते आकडेमोडीतून पाहू.

वर्षात सारख्या क्रेडिटांचे दहा विषय धरा, पाच पहिल्या सत्रात, पाच दुसऱ्या. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३. मेजरची रेषा ३.७५. वर्षभरात दोन बी आले तर जीपीए ३.८ होतो, तुम्ही वाचलात. तिसरा बी आला की ३.७, रेषेखाली. म्हणजे पहिल्याच सत्रात पाचांपैकी तीन विषयांत बी मिळाले, तर दुसऱ्या सत्रात सगळीकडे ए आणूनही ती हमी हातची गेली. दसरा-दिवाळीच्या दिवसांत मिडटर्म होतात. त्यांत घसरलेल्या मुलाला नाताळच्या सुट्टीत हे गणित उमगतं. तेव्हा उशीर झालेला असतो.

बी म्हणजे वाईट गुण असं कुणी समजू नये. चांगल्या विद्यापीठात कॅल्क्युलसमध्ये बी मिळवणाऱ्या मुलाला विषय बऱ्यापैकी येत असतो. पण गर्दीच्या मेजरच्या चाळणीला ‘बऱ्यापैकी’ पुरत नाही, आणि हे आधी ठाऊक असलेलं बरं.

म्हणून पहिल्या सत्राची आखणी हातचं राखून करा. मेजरला लागणारे दोन अवघड विषय, म्हणजे समजा कॅल्क्युलस आणि प्रोग्रॅमिंग, घ्या. त्यांच्या जोडीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रही घेऊन चौफेर लढाई करू नका. उरलेल्या जागी इंग्रजी लेखनाचा अनिवार्य विषय आणि सामान्य शिक्षणाच्या अटीतला एखादा हलका विषय घाला. बारावीला पीसीएमचा ढीग उपसलेल्या आपल्या मुलांना चार विषय कमी वाटतात, म्हणून ती पाचवा-सहावा घेतात. दर आठवड्याला गृहपाठ, क्विझ, लॅब रिपोर्ट आणि तीन-तीन परीक्षा, असा प्रत्येक विषयाचा व्याप असतो. वर्षाअखेरीस एकच पेपर द्यायची सवय असलेल्या मुलाला तो व्याप ऑक्टोबर उजाडेपर्यंत कळत नाही. लेखनाचा विषयही गृहीत धरू नका. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांचेही गुण तिथे कापले जातात, कारण स्वतःचा मुद्दा मांडून पुराव्यानं तडीस नेण्याचा सराव आपल्या शाळा देत नाहीत.

विद्यापीठात क्वार्टर पद्धत असेल, तर सत्र जेमतेम दहा आठवड्यांचं असतं. वॉशिंग्टनमध्ये ती आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली परीक्षा येते आणि एक आठवडा आजारी पडलात तर भरून काढायला जागा उरत नाही. तिथे गुणही ए-बी असे न देता ३.७, ३.८ असे दशांशात देतात, त्यामुळे थोड्याशा फरकाचीही नोंद राहते.

ज्यांनी शाळेतच एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, कॅल्क्युलस केलं आहे, त्यांच्यापुढे वेगळा पेच असतो. क्रेडिट घेऊन पहिला कॅल्क्युलस टाळावा आणि थेट दुसरा घ्यावा, की सगळं येत असूनही पहिल्यापासून सुरुवात करून ए पदरात पाडावा? काही विभाग एपीचं क्रेडिट मान्य करतात, पण जीपीए मोजताना त्याला गुण नसतात. मग मोजायला जे विषय उरतात ते सगळे अवघड. काही ठिकाणी क्रेडिट असताना तोच विषय पुन्हा घेतला तर क्रेडिट जातं. एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. माझा कल असा : एपीला ५ गुण असतील आणि विषय पक्का असेल तर पुढे जा, ४ असतील तर विभागाला विचारून ठरवा. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीतून गेलेल्यांना बहुधा हा प्रश्न पडत नाही, कारण त्या गुणांवर क्रेडिट क्वचितच मिळतं.

पास-नापास पद्धतीनं विषय घेण्याची सोय दिसली की मोह होतो. मेजरच्या पायाभूत विषयांना ती जवळजवळ कुठेच चालत नाही, तिथे अक्षरगुणच लागतो. विषय मधेच सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर ‘डब्ल्यू’ लागतो. एक डब्ल्यू कुणी मनावर घेत नाही. पण काही विभाग तोही एक प्रयत्न म्हणून मोजतात आणि विषय एकदाच पुन्हा घेऊ देतात, म्हणून सोडण्याआधी नियम वाचा. उन्हाळ्यात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात तोच विषय करण्याचा मार्गही असाच फसवा आहे. क्रेडिट बहुधा येतं, पण तिथला गुण इथल्या जीपीएत सहसा धरत नाहीत आणि काही मेजरना पायाभूत विषय आपल्याच विद्यापीठात केलेले हवे असतात.

मदत मागायची असते

तिथले प्राध्यापक आठवड्यातून ठरलेल्या वेळी ‘ऑफिस अवर्स’ ठेवतात. विद्यार्थ्यानं यावं, न समजलेलं विचारावं, एवढ्यासाठीच ती वेळ असते. आपली मुलं जात नाहीत. सरांकडे प्रश्न घेऊन जाणं म्हणजे आपल्याला येत नाही याची कबुली, हे आपण त्यांच्या मनात भरवलेलं असतं. पहिल्या दोन आठवड्यांतच एकदा जा, प्रश्न साधा असला तरी. टीचिंग असिस्टंटच्या वेळा, गणिताचं ट्युटरिंग सेंटर, लेखन केंद्र, या सगळ्याची फी तुम्ही आधीच भरलेली आहे. चार-पाच जणांचा अभ्यासगट करा. त्यात सगळेच भारतीय नसतील तर जास्त बरं, कारण कुणाला जुनी परीक्षा कुठे मिळते, कुणाला कोणता प्राध्यापक कसा ते ठाऊक असतं.

अभ्यासगटाची एक सीमा असते. गृहपाठावर चर्चा करायची, कोड मात्र आपापला लिहायचा. स्टॅनफर्डवरून चालवली जाणारी ‘मॉस’ ही प्रणाली १९९४ पासून विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅममधलं साम्य शोधते आहे आणि जगभरचे कॉम्प्युटर सायन्स विभाग ती वापरतात. चलांची नावं बदलून ती फसत नाही. आता एआयकडून लिहून घेतलेल्या उत्तरांचीही भर पडली आहे. त्याबाबत प्रत्येक प्राध्यापकाचा नियम वेगळा असतो आणि तो सिलॅबसमध्ये लिहिलेला असतो. कमी गुण पुढच्या सत्रात भरून निघू शकतात, पण कॉपीची नोंद अर्जाच्या जोडीला कायम येते. चाळणी लावणाऱ्या विभागाला अर्ज बाजूला ठेवायला तेवढं कारण पुरतं.

इथे आई-बाबांसाठीही एक गोष्ट. अमेरिकेत १९७४ चा ‘फर्पा’ कायदा आहे. मूल विद्यापीठात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो. फी तुम्ही भरत असलात तरी त्याच्या संमतीशिवाय ॲडव्हायजर तुम्हाला त्याचे गुण सांगणार नाही. फोन करून ‘आमच्या मुलाला मेजर का नाही’ असं विचारलंत तर पलीकडचा माणूस सौजन्यानं विषय बदलेल. मुलाशी बोलणं चालू ठेवणं हा एकच मार्ग उरतो. आणि ते बोलणं दर रविवारी जीपीए विचारण्यापुरतं असेल, तर पहिला बी तुमच्यापासून लपवला जाईल.

दुसरं मेजर नावापुरतं नको

प्रत्येक ॲडव्हायजर सांगतो, ‘प्लॅन बी’ ठेवा. मुलं मान डोलावतात, एक नाव लिहून टाकतात आणि विसरतात. खरा पर्याय त्याला म्हणावं, ज्याचे विषय तुम्ही पहिल्याच वर्षी घेत आहात. कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर संख्याशास्त्र, उपयोजित गणित, इन्फॉर्मेशन सायन्स, कॉग्निटिव्ह सायन्स यांचे पहिल्या वर्षाचे विषय बरेचसे तेच असतात. इलिनॉयमध्ये कॉम्प्युटर सायन्सला भाषाशास्त्र, खगोलशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांची जोड दिलेली संयुक्त मेजर आहेत. तिथेही स्पर्धा आहेच आणि आतून जाण्याचे नियमही वेगळे आहेत, पण त्यांच्याकडे दुय्यम म्हणून पाहू नका. सॉफ्टवेअर कंपन्या मुलाखतीत प्रश्न सोडवायला देतात. पदवीवर संख्याशास्त्र लिहिलं आहे म्हणून दारातून कुणी परत पाठवत नाही. बिझनेसऐवजी अर्थशास्त्राचंही तसंच आहे.

नर्सिंगला मात्र हा हिशेब लागू होत नाही. नर्स होण्यासाठी मान्यताप्राप्त नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण करून ‘एनक्लेक्स’ परीक्षा द्यावी लागते. सार्वजनिक आरोग्याची पदवी कितीही चांगली असली तरी ती परवान्यापर्यंत नेत नाही. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र करून ‘प्री-नर्सिंग’मध्ये अडकलेल्या मुलीनं त्याच विद्यापीठात वाट बघत बसण्यापेक्षा थेट प्रवेश देणाऱ्या दुसऱ्या विद्यापीठाचा शोध वेळीच घ्यावा. नाहीतर आधी दुसरी पदवी पूर्ण करून मग पदवीधरांसाठीचा वेगवान बीएसएन, म्हणजे नर्सिंगच्या पदवीचा, अभ्यासक्रम करण्याचा मार्ग आहे, तो साधारण एक ते दीड वर्षाचा असतो.

अर्जातला निबंध

काही मेजर केवळ आकड्यांवर मिळतात, काहींना निबंधही लागतो. शेकडो अर्ज वाचणाऱ्या समितीला ‘लहानपणापासून मला कॉम्प्युटरची आवड आहे’ हे वाक्य पाठ झालेलं असतं. तुम्ही काय केलंत ते लिहा. महाविद्यालयाच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी देणगीची नोंद ठेवणारं छोटं ॲप बनवलं असेल, आणि ऐन आरतीच्या वेळी ते बंद पडल्यावर काय दुरुस्त केलं हे सांगता येत असेल, तर मोठमोठ्या ध्येयवाक्यांपेक्षा ते चांगलं. हेच मेजर का आणि शेजारचं का नाही, याचं उत्तर निबंधात असायला हवं. त्यासाठी विभागाचे पुढचे विषय वाचा आणि तुम्हाला कोणते घ्यायचे आहेत ते नावानिशी लिहा. एखाद्या सत्रात गुण घसरले असतील तर दोन वाक्यांत कारण सांगा, त्यानंतर काय बदललं ते सांगा आणि पुढे चला. गाऱ्हाणं गाऊ नका.

व्हिसावर असाल तर

भारतातून एफ-१ व्हिसावर गेलेल्यांना आणखी काही पथ्यं आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात किमान १२ क्रेडिट ठेवावी लागतात. अवघड विषय सोडून १२ च्या खाली गेलात, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आधी हवी. नंतर घेतलेली परवानगी कामाची नसते. मेजर बदललं की आय-२० हा विद्यापीठानं व्हिसासाठी दिलेला दाखला बदलून घ्यायचा, आणि त्यामुळे पदवीला जास्त काळ लागणार असेल तर जुन्या आय-२० ची मुदत संपण्याआधी वाढवून घ्यायचा.

पर्यायी मेजर निवडताना आणखी एक तपासणी करा. पदवीनंतर कामाच्या अनुभवासाठी ओपीटी १२ महिन्यांचं मिळतं. मेजर सरकारच्या स्टेम यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळतात. हे नावावर नव्हे, मेजरला दिलेल्या सीआयपी या वर्गीकरणाच्या कोडवर ठरतं. एका विद्यापीठातलं अर्थशास्त्र साध्या कोडखाली असतं, दुसऱ्यातलं ‘इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स’च्या कोडखाली. एकाला एक वर्ष मिळतं, दुसऱ्याला तीन. कार्यालयात जाऊन कोड विचारायला पाच मिनिटं लागतात. फीचंही विचारून घ्या. इलिनॉयसारख्या ठिकाणी इंजिनिअरिंगची फी इतर अनेक शाखांपेक्षा जास्त आहे, आणि कर्ज मंजूर करून घेताना बँकेला दिलेला आकडा अनडिक्लेर्डचा असतो.

नकार आला तर

पहिल्या अर्जाला नकार आला, तर आधी ॲडव्हायजरला भेटून विचारा : पुन्हा अर्ज करता येतो का, आणि तेव्हा माझ्या अर्जात काय वेगळं दिसायला हवं? ‘गणिताच्या दोन विषयांत चांगले गुण आणा’ असं ठोस उत्तर मिळालं तर दुसरा प्रयत्न जरूर करा. ‘जागा कमी होत्या’ एवढंच उत्तर असेल, तर दुसऱ्या वेळीही त्या कमीच असतील. वॉशिंग्टनमध्ये १०५ क्रेडिटांपर्यंत मेजर जाहीर करावंच लागतं. इतर बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षाची अखेर ही मर्यादा असते. तेव्हा अर्ज करत राहण्याचा काळ अमर्याद नसतो.

विद्यापीठ बदलण्याचा मार्ग उरतो. तो करायचा तर पहिल्या नकारानंतर लगेच, कारण तिसऱ्या वर्षापर्यंत थांबलात तर बरीच क्रेडिटं वाया जातात. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून आलेल्यांना डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ ही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा केंद्रं अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देतात. काही मेजर या हमीतून वगळलेली आहेत, ती यादी आधी बघा. आपल्याकडे कम्युनिटी कॉलेज म्हटलं की नाकं मुरडली जातात. ज्यांना मेजर पक्कं ठाऊक आहे आणि पैसे मोजून मापून खर्च करायचे आहेत, त्यांना हा रस्ता अनडिक्लेर्डपेक्षा कित्येकदा सरळ पडतो, आणि शेवटच्या पदवीवर नाव युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचंच असतं.

ज्यांच्या हातात या वर्षीची पत्रं आहेत, त्यांनी आज रात्रीच मेजरची ती ओळ शोधावी आणि विभागाला ई-मेल लिहावा. तो मुलानं किंवा मुलीनं स्वतः लिहावा, आई-बाबांनी नव्हे.